घंटेचं बारसं

पहाटेच्या साखरझोपेत थर्स्टन पेलला ती मुलगी दिसायची. खाडीकाठच्या दलदलीत, गुडघाभर गवतात, धुक्यात पाठमोरी उभी. पहिल्यांदा दिसली तेव्हा रांगत होती. पुढं चालायला लागली, मग केस वाढले, मग एका वर्षी चक्क लग्न झालेल्या बाईसारखा डोक्याला रुमाल बांधून आली. स्वप्नातली मुलं वाढतात हे थर्स्टनला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिला हाक मारायला तो तोंड उघडायचा आणि तिथंच सगळं अडायचं. हाक मारायची ती काय म्हणून? पोरीला नावच नव्हतं. तसाच आ वासलेला तो जागा व्हायचा. शेजारी त्याची बायको एमट छताच्या तुळयांकडं बघत पडलेली असायची. ती विचारायची नाही, तो सांगायचा नाही. मग दोघं उठून कामाला लागायची.

आता थर्स्टन म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हता. मेल्विकच्या धक्क्यावरून लोकरीची जेवढी पोती जहाजात चढायची, त्यांतल्या निम्म्यांवर याची खूण असायची: एक वर्तुळ, आणि त्यात बगळ्याचा पाय. समुद्रापलीकडच्या फ्लँडर्सचे विणकर ती खूण लांबून ओळखायचे आणि घासाघीस न करता पैसे मोजायचे. जन्म मात्र दलदलीतल्या गवती झोपडीतला. बाप मेंढ्यांची कातडी सोलायचा. थर्स्टन तरणा होता तेव्हा तो वास अंगाला इतका चिकटलेला, की गावातल्या पोरी त्याला बघून नाक धरायच्या. एमटनं धरलं नाही. "मी दिवसभर मासे साफ करते," ती म्हणाली, "वासाचं मला काय सांगतोस?" तेवढ्यावर लग्न ठरलं.

पुढं कातड्यांतून लोकर आली, लोकरीतून गलबतं आली. दोनदा गावचा मेयर झाला, तांबडा झगा आणि त्याला फर लावलेली, सगळं यथासांग. पैसा आला की माणसं आपलं घर बांधतात. या बाबानं घर तेच ठेवलं आणि गाव बांधायला काढलं. आधी खाडीवर दगडी पूल झाला. मग टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी शिशाच्या नळांतून थेट बाजारात आलं, चोवीस तास वाहतं, कोणीही यावं आणि भरावं. हेरिंग मासळीचा व्यापारी ड्रू कॅपर त्या नळाशीच उभा राहून त्याची टर उडवायचा.

"काय मास्टर थर्स्टन, आता काय? स्वर्गापर्यंत जिना?"

"तुझ्या तोंडाला दार बसवायचं मनात आहे," थर्स्टन म्हणायचा, "पण एवढं मोठं लाकूड मिळेना."

लोक खो खो हसायचे. कोणी म्हणायचं, पोरबाळ नाही ना, मग पैसा कुठंतरी घालवायलाच हवा. कोणी म्हणायचं, पाप धुतोय. हे दुसरं म्हणणारे फारसे चुकत नव्हते. पण ते पाप कसलं, हे गावात दोनच माणसांना ठाऊक होतं. नाही, तिसरी सुईण गॉडिथ. तिला विसरून चालायचं नाही.

पोरबाळ झालं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर एमटला दिवस गेले आणि वसंतातल्या एका सकाळी वेळेआधीच कळा सुरू झाल्या. नेमका तो लव्हडेचा दिवस. आमच्याकडं तो दरवर्षी पाळतात. ज्यांची भांडणं असतील ती माणसं खाडीपलीकडच्या मठात जमतात, कोणाचं बांधावरून, कोणाचं डुकरावरून, आणि फादर मध्ये बसून संध्याकाळपर्यंत सगळ्यांना एकमेकांचे हात हातात घ्यायला लावतात. त्यामुळं सगळं गाव पलीकडं. फादर पलीकडं. गॉडिथही पलीकडं, कारण तिचं तिच्या जावेशी कडाक्याचं वाजलेलं. तेव्हा पूल नव्हता. नावेनं जायचं, नावेनं यायचं.

मुलगी थर्स्टनच्याच हातात जन्मली. कोकरं काढलेले हात, त्यांना ते जमलं. एमट शुद्धीवर नव्हती. पोरगी एवढीशी, निळसर, श्वास घेते न घेते अशी. आता आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं, फादर दर रविवारी घोकून घेतात: बाळ हातचं जातंय असं दिसलं तर आमची वाट बघू नका. कोणीही असा, पाणी घाला, नाव ठेवा, ते चार शब्द म्हणा. बाळ देवाचं झालं. नाही घातलं, तर त्या बाळाला नाव नाही, चर्चच्या आवारात जागा नाही, स्वर्गही नाही. खिडकीत पितळी झारी होती. काठोकाठ भरलेली. आणि हा शहाणा ती झारी ओलांडून फादरना आणायला पळाला!

अनवाणी धक्क्यावर गेला. धुकं असं, की स्वतःचा हात दिसेना. नाव पलीकडच्या काठाला. त्यानं हाका मारल्या, घसा फुटेस्तोवर मारल्या. धुक्यानं त्या गिळून टाकल्या. पलीकडं माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती आणि अलीकडं हा बोंबलत होता, कोणाला ऐकू गेलं नाही. परत आला तेव्हा एमट भिंतीला टेकून बसली होती आणि मांडीवरचं बाळ गार पडलं होतं.

"पाणी इथंच होतं, थर्स्टन," ती म्हणाली.

बस्स. ना शिवी, ना आक्रोश. त्यानंतर त्या विषयावर तिनं एक अक्षर काढलं नाही. गॉडिथ पोचली ती दुपारी. तिनंच बाळाला जुन्या लोकरीत गुंडाळलं आणि गावकुसाबाहेर, दलदलीच्या कडेला एका काटेरी झुडपाखाली ठेवून आली. गावाला सांगितलं, दिवस भरले नव्हते, पोट पडलं. गाव हळहळलं आणि विसरलं.

तेव्हा पूल का बांधला, ते कळलं ना? पाणी बाजारात का आणलं, तेही कळलं. माणूस त्या एका सकाळभोवती आयुष्यभर दगड रचत बसला होता. आणि तरी पोरगी स्वप्नात यायची, पाठमोरी.

त्या वर्षी पानगळीच्या सुमारास ती दिसली तेव्हा रुमालाखालून एक पांढरी बट बाहेर आली होती. थर्स्टन दचकून उठला. अरे देवा, ती म्हातारी व्हायला लागली! आपण तर काय, आज आहोत, उद्या नाही. आपण गेलो की तिला स्वप्नात बघणारंही कोणी उरणार नाही. सकाळची भाकरी त्यानं ताटातच ठेवली. तो तडक फादर ऑस्मंडकडं गेला. फादर गावात बरेच नंतर आलेले, गोल चेहऱ्याचे, तळलेल्या बाममाशाचे भलते शौकीन. त्यांना मागचं काही ठाऊक नव्हतं.

"घंटा देतो," थर्स्टन म्हणाला. "मोठी. दाट धुक्यातही दलदलीच्या पार टोकाला ऐकू जाईल अशी."

फादर उडालेच. "देव तुमचं भलं करो! अहो, मग बारसं जोरात करू. बिशपांकडून कोणीतरी यायला हवं. तुम्ही धर्मपिता, एमटबाई धर्ममाता. घंटा देणाऱ्याचा मानच असतो तो. खऱ्या बाळाला आईबापांना उभं राहता येत नाही, नाव दुसऱ्यांनी द्यायचं असतं. पण ही तर घंटा! तिला काय, आई ना बाप." आणि ते आपल्याच बोलण्यावर पोट धरून हसले. "नाव काय ठेवायचं? कॅथरीन ठेवू. चांगली ठसठशीत संत आहे."

"ठेवा," थर्स्टन म्हणाला. पण 'नाव' हा शब्द त्याच्या कानात कुसळासारखा रुतून बसला. घंटेला पाणी घालतात, तेल लावतात, पांढऱ्या वस्त्रात गुंडाळतात, नाव ठेवतात. धातूला जे मिळतं ते आपल्या पोरीला मिळालं नाही. आणि मग आणखी एक गोष्ट सुचली, इतक्या वर्षांत कधी न सुचलेली. एमटच्या मनात एखादं नाव असणार की! आईच्या मनात असतंच. आपण तिला कधी विचारलंच नाही.

विचारायला मात्र जीभ उचलेना. मेयर झालेला माणूस, राजाच्या अधिकाऱ्यांशी दोन हात करून आलेला, आणि बायकोसमोर मटार सोलत बसायचा आणि उठून जायचा.

घंटा ओतणारा कारागीर दूरवरून आला. त्यानं चर्चच्या आवारातच खड्डा खणला, मातीचा साचा केला, भट्टी पेटवली. तांबं आणि कथील थर्स्टनचं होतंच, पण आमच्याकडं घंटेत गावाचं काहीतरी पडावं लागतं, नाहीतर ती गावची कशी होणार? बायका फुटकी पातेली घेऊन आल्या, म्हातारे वाकडे चमचे घेऊन आले. ड्रू कॅपरनं एक मेणबत्तीची बैठक आणून टाकली आणि चारचौघांना दिसेल अशी टाकली.

"वाजेल तेव्हा निम्मा आवाज माझा बरं का," तो म्हणाला.

"म्हणजे घंटा बेसूर होणार," थर्स्टन म्हणाला.

तेवढ्यात एमट आली. हातात झारी. तीच. थर्स्टनचं हसू जागच्या जागी मेलं. ती झारी फळीवर वरच्या बाजूला असायची, घासूनपुसून लख्ख, आणि त्या दिवसापासून तिच्यात कोणी पाण्याचा थेंब भरला नव्हता. तिच्याकडं बघायचंही तो टाळायचा. एमटनं ती भट्टीवाल्याच्या हातात दिली आणि वितळेपर्यंत तिथंच उभी राहिली. ज्वाळा हिरवट झाल्या, मग पुन्हा पिवळ्या झाल्या.

घरी परतताना वाट वाकडी करून दोघं पुलावर गेली आणि मध्यावर थर्स्टन थांबला. खाली ओहोटीचं पाणी चाललं होतं. आता नाही तर कधीच नाही, असं त्याला वाटलं.

"एमट, तू तिचं नाव काय ठेवणार होतीस?"

ती पण थांबली. कठड्यावर हात टेकला. मग म्हणाली, "आत्ता विचारतोस?"

"चुकलंच माझं."

"गावाला पूल दिलास, पाणी दिलंस. गल्लीत चिखल दिसला की तुझे हात शिवशिवतात. मला कधी विचारलंस, एमट, तुला काय हवंय?"

"काय हवंय?"

"आधी हे ऐक. तिच्या माझ्याजवळ दोनच गोष्टी होत्या. एक झारी, ती आज दिली. दुसरं, तिचं नाव. तेही तुला देऊन टाकलं तर माझ्याजवळ काय राहील?" तिचा आवाज फाटला, पण रडली नाही. "घंटेचं कॅथरीन ठरलंय ना? झालं तर. चल, गारठा पडतोय."

ती पुढं निघाली. थर्स्टन मागून चालत राहिला. राग येईल असं त्याला वाटलं होतं, पण राग आला नाही. रडू आलं, आणि ते त्यानं खाडीच्या वाऱ्यावर ढकललं.

बारशाच्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. चर्चची कौलं दिसत नव्हती, माणसं जवळ आल्यावर एकदम उगवत होती. आत दाराजवळ तुळईला घंटा टांगलेली, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. बिशपांनी आपल्या हाताखालचे धाकटे बिशप पाठवले होते, वयस्कर, सर्दीनं हैराण झालेले. पाणी, मीठ, तेल, पांढरं वस्त्र, सगळं मांडून ठेवलेलं. फादर ऑस्मंडनी दारात येऊन हात हलवला.

"या, मास्टर थर्स्टन! धर्मपिता, धर्ममाता, पुढं या."

थर्स्टननं पायरीवर पाय ठेवला. एमटनं मागून त्याच्या झग्याची बाही धरली.

"नको," ती म्हणाली. "आपल्याला नाही उभं राहता येत."

"का?"

तिनं दाराबाहेरच्या जागेकडं बोट दाखवलं. आणि मग त्याला समजलं. पायरीवरचा पाय त्यानं मागं घेतला. आमच्याकडं बाळाला चर्चमध्ये नेतात तेव्हा आई आत येत नाही, बाप आला तर तोही दाराबाहेरच थांबतो. तो तिच्या शेजारी, दाराबाहेर, धुक्यात उभा राहिला. लोक कुजबुजायला लागले. फादरांचं तोंड उघडंच राहिलं.

"अहो, पण मग धरणार कोण?"

"मी," असं म्हणत गॉडिथ काठी टेकत गर्दीतून आली. आता पार वाकलेली, कानानं ठार बहिरी. एमटनं तिच्याकडं बघून मान हलवली. म्हणजे हे आधीच ठरलं होतं तर!

"आणि ड्रू," एमट म्हणाली, "तू जा आत."

"मी? अहो बाई, माझं नि याचं तर..."

"म्हणूनच जा. मेणबत्तीची बैठक दिलीस ना? जा आता, मिरवून घे."

ड्रूनं थर्स्टनकडं पाहिलं. थर्स्टननं मान डोलावली. मग ड्रू टोपी काढून आत गेला, आणि निदान या वेळी तरी तो काही वेडंवाकडं बोलला नाही.

उघड्या दारातून थोडंथोडं दिसत होतं. मेणबत्त्या, धाकट्या बिशपांचा हात, घंटेची कड. त्यांनी लॅटिनमध्ये बरंच म्हटलं, दोनदा शिंकले. मग विचारलं, हिचं नाव काय ठेवता? ड्रूनं गॉडिथला कोपरानं खुणावलं. बहिऱ्या माणसांना आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. गॉडिथ अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशी ओरडली:

"लव्हडे!"

आत सगळ्यांच्या माना वळल्या.

"लव्हडे?" धाकटे बिशप म्हणाले. "कॅथरीन ना? ही लव्हडे कोणती संत? आम्ही तर कधी ऐकली नाही."

फादर ऑस्मंड गोंधळून इकडंतिकडं बघायला लागले. गॉडिथकडं बघितलं. मग त्यांची नजर दारावर गेली. बाहेर धुक्यात दोन म्हातारी माणसं उभी होती, जिथं आईबाप उभे राहतात तिथं. फादरांच्या गोल चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला.

"आमच्या दलदलीकडची आहे, महाराज," ते म्हणाले. "फार लहानपणी वारली."

"बरं," धाकटे बिशप म्हणाले, आणि त्यांनी पाणी घातलं.

लव्हडे. थर्स्टननं ते नाव ओठांत फिरवून पाहिलं. इतकं साधं! त्या दिवशी जन्मलेल्या पोरींची नावं आमच्याकडं तशीच ठेवतात, गावात आजही दोनतीन लव्हडे सापडतील. आणि हा गाढव इतकी वर्षं चाचपडत बसला होता. त्याला हसूही येत होतं आणि त्याच्या दाढीवरून पाणीही ओघळत होतं, आणि त्यानं ते पुसलं नाही.

गॉडिथ बाहेर आली. घंटेला गुंडाळलेलं पांढरं वस्त्र तिच्या दोन्ही हातांवर होतं. बाळाचं वस्त्र सुईण जसं आईकडं आणते तसं तिनं ते आणलं आणि एमटच्या हातांवर ठेवलं.

"धर. सांभाळून, ओलं आहे," ती म्हणाली. मग त्या बहिरीचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "मला उशीर झाला गं, एमट."

"आलीस ना," एमट म्हणाली. तिनं ते ओलं वस्त्र छातीशी धरलं आणि त्यात तोंड खुपसून ती रडली. पोरगी गेली त्या दिवशी रडायची राहिली होती, ते सगळं रडली. गाव टोप्या काढून उभं होतं. ज्यांना समजलं त्यांना समजलं, उरलेल्यांनी शेजाऱ्याकडं बघून टोप्या काढल्या.

घंटा वर चढवायला दुपार झाली. धुकं हललं नव्हतं. दोघं गावकुसाबाहेर त्या काटेरी झुडपापाशी जाऊन थांबली. पहिला टोला पडला तेव्हा बगळे उडाले. आवाज खोल होता, थोडा खरखरीत, आणि तो धुक्यात शिरला आणि गवतावरून जातच राहिला. धुक्याला तो गिळता आला नाही. थर्स्टन समोर बघत होता. गवतात कोणी उभं असल्यासारखं वाटत होतं, किंवा नसल्यासारखं.

"मला हे हवं होतं," एमट म्हणाली. "आता मार हाक."

"मी?"

"मग कोण? तूच गेला होतास ना हाका मारायला."

त्यानं तोंड उघडलं. स्वप्नातल्यासारखं ते उघडंच राहील अशी त्याला धास्ती वाटली. पण आवाज फुटला.

"लव्हडे," तो म्हणाला.

"मोठ्यानं," एमट म्हणाली. "तिला ऐकू जायला हवं."

थर्स्टननं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि दलदलीकडं तोंड करून पुन्हा हाक मारली.